अंडी किती दिवस टिकतात, ताजी कशी ओळखायची: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

सेलूला आमचं किराणा दुकान आहे. काउंटरच्या डाव्या हाताला अंड्यांचे ट्रे, उजव्या हाताला मी. एप्रिल लागला की गिऱ्हाईक अंडी घेतं आणि पिशवी हातात धरून पाच मिनिटं प्रश्न विचारतं. परसात माझ्या आठ गावरान कोंबड्याही आहेत, त्यामुळे शेताकडून येणारे प्रश्न वेगळे. उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदा लिहून काढली.

अंडी फ्रिजबाहेर किती दिवस टिकतात?

याला एकच आकडा नाही, मराठवाड्यात तर नाहीच. डिसेंबरात पहाटे दोन गोधड्या लागतात आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. माझा अनुभवाचा हिशेब असा: थंडीत बाहेर दहा-बारा दिवस, पावसाळ्यात आठवडा, एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवस. पत्र्याचं घर असेल आणि दुपारी वरून भट्टी पेटत असेल, तर दोनच धरा. फ्रिजमध्ये चार-पाच आठवडे सहज निघतात.

हे दिवस तुम्ही विकत घेतल्यापासूनचे नाहीत, कोंबडीनं अंडं घातल्यापासूनचे आहेत. पोल्ट्रीतून निघून, गाडीत चढून, ठोक व्यापाऱ्याकडून माझ्याकडे ट्रे येतो तोवर अंडं दोन-चार दिवसांचं झालेलंच असतं.

पण आतमध्ये होतं काय? कवच तर बंद असतं.

बंद दिसतं, नसतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तेवढी हवा आत शिरते. अंड्याच्या रुंद टोकाला आत हवेची एक पोकळी असते, ती रोज थोडी मोठी होते. वायू निघून गेला की पांढरा अल्कधर्मी होत जातो, त्याचा दाटपणा मोडतो आणि तो पाण्यासारखा होतो. पिवळ्या बलकावरची पातळ त्वचाही सैल पडते. म्हणून जुनं अंडं तव्यावर फोडलं की पांढरा सगळीकडे पळतो आणि बलक फुटतो.

हे सगळं उष्णतेनं भराभर होतं. बाहेरचा एक दिवस म्हणजे फ्रिजमधला एक आठवडा असं ढोबळ मानतात. आमच्या उन्हाळ्यात तेही कमीच वाटतं.

पाण्यात टाकून बघायची पद्धत खरी आहे का?

खरी आहे, पण ती काय सांगते ते नीट समजून घ्या.

खोल पातेलं घ्या. तांब्या नको, त्यात अंडं कडेला टेकतं आणि कळत नाही. अंडं बुडून वर चार बोटं पाणी राहील एवढं भरा. अंडं हातानं हळूच तळाशी सोडा, वरून टाकू नका. आडवं पडून राहिलं तर ताजं. आडवं आहे पण रुंद टोक जरा उचललंय, तर थोडं जुनं, बिनधास्त खा. तळावर टोकावर उभं राहिलं, तर बरेच दिवस झालेत. उकडायला किंवा बुर्जीला घ्या, आजच्या आज. पाण्यावर तरंगलं, तर बाजूला काढा.

माझ्याकडे एका मुलानं मिठाच्या पाण्यात अंडी टाकली आणि सगळी वर आली म्हणून तक्रार घेऊन आला. मीठ घातलं की पाणी जड होतं आणि ताजं अंडंही वर येतं. साधंच पाणी घ्या. आणि तपासलेली अंडी पुन्हा साठवायला ठेवू नका. तपासा, पुसा, वापरा.

तरंगलं म्हणजे नासलंच का?

इथे सगळ्यांचा घोटाळा होतो. जुनं वेगळं आणि नासकं वेगळं. पाण्याची परीक्षा अंड्याचं वय सांगते, कारण ती फक्त हवेची पोकळी मोजते. आत जंतू आहेत की नाही हे पाण्याला कळत नाही. तरंगणारं अंडं फोडल्यावर कधी कधी वास नसलेलं, नुसतं पातळ निघतं. उलट तळाशी आडवं पडलेल्या ताज्या अंड्यातही साल्मोनेला, म्हणजे जुलाब-उलट्या करणारा जंतू, असू शकतो, आणि त्याला ना वास ना रंग. त्यावर उपाय एकच, नीट शिजवणं.

तरंगलेलं अंडं मी स्वतः खात नाही. आठ रुपयांसाठी दवाखाना कोण करणार.

नासकं अंडं ओळखायला नाक पुरतं. फोडल्याबरोबर कळतं, शेजाऱ्यालाही कळतं. म्हणून भजीचं पीठ असो की केकचं, प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, मग मोठ्या भांड्यात घालायचं. एका अंड्यापायी अकरा अंडी उकिरड्यावर गेलेली मी पाहिली आहेत. माझीच होती.

कानाशी हलवून कळतं का? आजी तसंच करायची.

माझी आजीही करायची. आत डबडब वाजलं तर अंडं जुनं, हे बहुतेक वेळा बरोबर निघतं. न वाजलं म्हणजे ताजं, असं मात्र नाही. त्यापेक्षा मोबाइलची बॅटरी बरी. खोलीत अंधार करा, मूठ वळून तिच्या भोकावर अंड्याचं रुंद टोक ठेवा आणि खालून उजेड सोडा. त्या टोकाला हवेची पोकळी चंद्रकोरीसारखी दिसते. काही मिलिमीटरच असेल तर ताजं. अंड्याचा पाव भाग पोकळ दिसला तर जुनं. पांढऱ्या कवचात छान दिसतं, तांबड्या कवचात डोळे ताणावे लागतात.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे सपाट ताटलीत फोडणं. बलक घुमटासारखा वर उभा, भोवती पांढऱ्याचं दाट कडं आणि त्याच्या बाहेर थोडंसं पातळ पाणी, असं दिसलं की डोळे झाकून घ्या. प्रयोगशाळेतही दाट पांढऱ्याची उंची मोजूनच अंड्याची प्रत ठरवतात.

फ्रिज नाही. काय करू?

पूर्वी कुणाकडे होता? माळवदाच्या घरात भिंती दोन-दोन हात जाड. त्या भिंतीतल्या देवळीत किंवा उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात अंडी असायची. आजी ज्वारीत खुपसून ठेवायची. ज्वारीनं अंडं गार होत नाही, पण दुपारचा ताव लगेच पोचत नाही आणि धक्का लागत नाही. एवढाही फायदा मोठा.

आज करायचं असेल तर दोन मातीची मडकी घ्या, एक मोठं, एक त्यात मावेल असं. मधल्या जागेत वाळू भरा आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. आतल्या मडक्यात अंडी ठेवा, वर ओलं फडकं झाका. जिथे वारा लागतो पण ऊन येत नाही, अशा जागी ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पाणी झपाट्यानं उडतं आणि आतलं मडकं चांगलं गार राहतं. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती निम्मीही चालत नाही. आणि एक सांभाळा: अंड्यांना स्वतःला ओल लागू द्यायची नाही. ओलं फडकं थेट अंड्यांवर गुंडाळलं की बुरशी धरते.

दुसरी युक्ती तेलाची. ताज्या, कोरड्या अंड्याला खायच्या तेलाचं बोट फिरवायचं. आमच्याकडे करडईचं असतं. तेलानं छिद्रं बुजतात आणि आतलं पाणी उडत नाही. हे अंडं घातल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी केलं तरच उपयोग. आठ दिवसांच्या अंड्याला तेल लावणं म्हणजे गाय गेल्यावर गोठ्याला दार.

फ्रिजमध्ये दारातल्या खाचेत ठेवू ना? कंपनीनंच जागा दिली आहे.

दिली आहे, पण ती चुकीची आहे असं माझं मत. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, प्रत्येक वेळी गरम हवा लागते आणि हिसका बसतो तो वेगळा. आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या ट्रेसकट किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा. कांदा-लसणाचा वास अंड्यात उतरतो, म्हणूनही डबा बरा. निमुळतं टोक खाली, रुंद टोक वर. त्यानं हवेची पोकळी वर राहते आणि बलक मध्यावर. फ्रीजरमध्ये कवचासकट कधीच नको, आतलं फुगून कवच तडकतं.

सासूबाई माळकरी आहेत. फ्रिजमध्ये अंडं नको म्हणतात.

हा प्रश्न बायका माझ्याजवळ वाकून, हळू आवाजात विचारतात. अहो, निम्म्या तालुक्याचं हेच आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा वेगळा डबा करा, खालच्या कप्प्यात ठेवा, दुधा-दह्यापासून लांब. जंतूंच्या दृष्टीनंही कच्ची अंडी वेगळीच ठेवायला हवीत, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. तरी नकोच म्हणाल्या, तर वर सांगितलेली दोन मडकी मागच्या पडवीत. आणि उन्हाळ्यात ट्रे घेऊच नका, रोज सहा घ्या. दुकान कुठं पळून जात नाही.

लाइट गेली तर फ्रिजमधली अंडी खराब होतात का?

दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. दोन तासांचं भारनियमन असेल तर काळजी नको. मुलांना मात्र "गार पाणी बघू" म्हणून दार उघडू देऊ नका. रात्रभर लाइट नसेल आणि सकाळी फ्रिज घरासारखाच कोमट झाला असेल, तर ती अंडी दोन दिवसांत संपवा.

खरा त्रास गार-गरम होण्याचा. फ्रिजमधलं अंडं बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो, पाण्याचे बारीक थेंब जमतात. त्या ओलाव्यातून कवचावरचे जंतू छिद्रांतून आत शिरतात. म्हणून एकदा फ्रिजमध्ये गेलेलं अंडं फ्रिजमध्येच राहू द्यावं, लागेल तेवढंच काढावं.

आणल्यावर धुऊन ठेवावीत का?

नाही. अंड्यावर निसर्गानंच एक पातळ लेप दिलेला असतो, तो छिद्रं झाकतो. धुतलं की तो जातो. त्यात गार पाण्यानं धुतलं तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण आत ओढली जाते. युरोपात दुकानात विकायची चांगल्या प्रतीची अंडी धुवायला बंदी आहे. अमेरिकेत धुतात, पण तिथं पोल्ट्रीपासून घरापर्यंत सगळा प्रवास थंडच असतो. आपल्याकडे अंडी टेम्पोतून उन्हात येतात, तेव्हा युरोपाचं ऐका. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. धुवायचंच तर शिजवायच्या आधी, कोमट पाण्यानं. अंडी हाताळल्यावर हात मात्र साबणानं धुवा.

कडब्याच्या गंजीत कोंबडीनं घातलेली नऊ अंडी सापडली. खायची का?

आनंद झाला असेल, पण घाई नको. कोंबडी दिवसाला एकाहून जास्त अंडं घालत नाही, गावरान तर मध्ये मध्ये खाडेही करते. म्हणजे नऊ अंड्यांतलं पहिलं निदान आठ दिवसांचं, बहुधा पंधरा दिवसांचं.

त्याहून मोठी गोष्ट, तुमच्या दारात कोंबडा असेल तर ही अंडी फळलेली असतात. अंडं उबवायला ३७.५ अंशांच्या आसपास ऊब आणि २१ दिवस लागतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच ४० च्या वर जाते. कोंबडी बसली नाही तरी आत पिलू धरायला सुरुवात होते, पुढे मरतं, आणि अंडं नासतं. पोल्ट्रीच्या अंड्याला हा धोका नाही, तिथं कोंबडाच नसतो. म्हणून उन्हाळ्यात गावरान अंडं पोल्ट्रीच्या अंड्याआधी बिघडलेलं दिसतं, आणि लोक कोंबडीला नावं ठेवतात.

एकेक अंडं बॅटरीवर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, लालसर कडं दिसलं किंवा काळा गोळा दिसला, तर ते खायचं नाही. स्वच्छ दिसलेली पाण्यात तपासा. आणि ती कोंबडी खुडूक होऊन गंजीतच बसली असेल, तर तिला बसू द्या. नऊ अंड्यांच्या बुर्जीपेक्षा पाच पिलं केव्हाही फायद्याची.

उबवायला अंडी जमवत असाल तर ती फ्रिजमध्ये नकोत, धुवायची नाहीत, रुंद टोक वर करून गार जागी ठेवायची आणि आठवड्याच्या आत बसवायची.

बाजारातलं गावरान अंडं खरं गावरान आहे हे कसं ओळखू?

तांबडा रंग म्हणजे गावरान नव्हे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, पोल्ट्रीतही तांबडी अंडी देणाऱ्या संकरित जाती आहेत. बलकाचा गडद पिवळा रंग खाद्यावर असतो; मका, हिरवा चारा, झेंडू खाल्ला की पिवळा होतो. कडकनाथाचं अंडंही काळं नसतं, फिकट तपकिरीच असतं.

गावरान अंडं सहसा लहान असतं, आणि एका पाटीतली सगळी सारखी कधीच नसतात. एखादं लांबुळकं, एखादं गोल, रंगही पांढरट ते बदामी. साच्यातून काढल्यासारखी तीस तांबडी अंडी कुणी गावरान म्हणून देत असेल तर हसून पुढे जा. पांढऱ्याला चहाच्या पाण्यात रंगवल्याचा संशय असेल तर ओल्या फडक्यानं घासा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, त्यानं खरा तांबडा रंगही निघतो, कारण तो कवचाच्या वरच्या थरातच असतो. आठवडी बाजारात भुश्याच्या पाटीत अंडी घेऊन बसलेल्या ओळखीच्या मावशी ही माझ्या मते सगळ्यात चांगली परीक्षा.

प्लास्टिकची अंडी येतात म्हणे?

येत नाहीत. अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणानंही ही अफवा असल्याचं सांगितलं आहे. कवचाच्या आतला पापुद्रा वाळला की प्लास्टिकसारखा निघतो, आणि गोठून वितळलेल्या अंड्याचा बलक रबरासारखा होतो. मोबाइलवरचे व्हिडिओ त्यावरच बनतात. शिवाय एवढ्या स्वस्तात नकली अंडं करून विकणं कुणाला परवडेल?

श्रावणात अंडी स्वस्त असतात. भरून ठेवू का?

स्वस्त का असतात ते बघा. १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, ज्याला सगळे एनईसीसी म्हणतात, ती अंड्यांचे दर जाहीर करते, आणि श्रावणात मागणी पडली की दरही पडतो. कोंबड्या मात्र श्रावण पाळत नाहीत. अंडी येत राहतात, खपत नाहीत, दुकानात पडून राहतात. नवरात्रातही तेच. तेव्हा श्रावणात ज्याच्याकडे खप चालू आहे, ऑम्लेटची गाडी, खानावळ, तिथं माल देणाऱ्याकडून घ्या. आमच्याकडेही मी त्या दिवसांत अर्धेच ट्रे मागवते.

फोडल्यावर पांढरा दोरा, रक्ताचा ठिपका, गढूळ पांढरा. टाकून देऊ?

दोरा बलकाला मध्ये धरून ठेवतो, ताज्या अंड्यात जास्त ठळक दिसतो. रक्ताचा ठिपका म्हणजे अंडं तयार होताना फुटलेली बारीक शीर, पिलू नव्हे. चमच्यानं काढा आणि खा. गढूळ पांढरा म्हणजे अंडं अगदी ताजं, आतला वायू अजून गेलेला नाही. पांढरा गुलाबी, हिरवट किंवा आत काळे डाग दिसले तर वास घेत बसू नका, टाका.

तडकलेलं अंडं?

रस्त्याची हालत माहीत आहे, मोटारसायकलवर ट्रे बांधून नेला की दोन-तीन तडकतातच. घरी आल्या आल्या तडकलेली वेगळी करा. पापुद्रा शाबूत असेल तर त्याच दिवशी नीट शिजवून खा. आतलं पाझरत असेल तर टाका. उन्हाळ्यात कवच पातळच येतं: कोंबडी धापा टाकते, त्यात अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात ती दाणाही कमी खाते.

उकडलेली अंडी किती टिकतात? आणि साल का निघत नाही?

उकडलेलं अंडं कच्च्याआधी बिघडतं, लोकांना उलटं वाटतं. फ्रिजमध्ये सालीसकट आठवडा. बाहेर दोन तास, मे महिन्यात एकच. शाळेच्या डब्यात सकाळी सातला दिलेलं अंडं दुपारी एकला खाऊ नये.

साल चिकटते ती अंडं फार ताजं असल्यानं. उकडायला आठवडाभर जुनी अंडी घ्या, उकडली की लगेच गार पाण्यात टाका. बलकाभोवती हिरवट कडं आलं तर फक्त जास्त उकडलं गेलंय, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आलं, बाकी काही नाही.

तालमीतली पोरं कच्चं अंडं दुधात पितात. चालतं?

मी विकते, पण चालतं असं म्हणणार नाही. साल्मोनेलाचा धोका आहेच, शिवाय शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना तर बलकसुद्धा घट्ट होईपर्यंत शिजवलेलंच द्या.

नासकं निघालं तर बदलून देता का?

देते. फक्त फोडलेलं अंडं पुरावा म्हणून आणू नका. मागच्या मे महिन्यात एक मामा वाटीसकट घेऊन आले, भर गर्दीत झाकण काढलं, आणि माझं सगळं गिऱ्हाईक दोन मिनिटांत रस्त्यापलीकडे. मोबाइलवर फोटो दाखवा, पुरे.